दीड एकराचं संस्थान

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि कसबा बावड्याच्या जोतीरामनं आपल्या दीड एकर रानात काठीला धोतर बांधून झेंडा लावला.

"सही म्हाराजांनी केली. मला कुणी इचारलं? माझं रान इलीन झाल्यालं न्हाय. हितं माझं राज्य हाय!" शेतसारा मागायला आलेल्या तलाठ्याला त्यानं बांधावरूनच पिटाळलं.

तलाठ्यानं गाऱ्हाणं घातलं तसे मामलेदार त्र्यंबकराव हसले. "राहू दे त्याला स्वतंत्र. किती दिवस राहतोय बघू."

पेरणीच्या तोंडाला शेजारच्या ज्ञानूनं बांध चार हात आत सरकवला. जोतीराम भांडायला गेला आणि मार खाऊन आला. तसाच सुजलेल्या तोंडानं तो कचेरीत शिरला. "सायेब, ज्ञान्याला बेड्या घाला!"

त्र्यंबकरावांनी सावकाश पान जुळवलं. "कसं जमायचं, राजेसाहेब? तुमचं राज्य वेगळं, आमचं वेगळं. परमुलखात आमचा पोलीस कसा धाडू? पाहिजे तर विलीन व्हा."

जोतीरामनं सुजलेला गाल चोळला. "व्हय सायेब. सरकार लागतंय, पटलं मला. व्हतो इलीन."

त्र्यंबकरावांनी खुशीत पान तोंडात टाकलं आणि कारकुनाला कागद आणायला सांगितलं.

जोतीरामनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर ऐसपैस बसला.

"आत्ता तुमीच राजेसाहेब म्हणलासा न्हवं? मग म्हाराजांगत माझा बी तनखा ठरवा. सही मागनं."