प्रयागबाईंची पाळत

इंदूनं दुधाच्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि दार लोटून घेतलं. प्रयागबाईंनी मनात वीसपर्यंत आकडे म्हटले, पदर खोचला आणि त्या सुनेच्या मागं निघाल्या.

दूध केंद्र लकडगंजातच, लाकूड कापायच्या आरामशीनच्या कोपऱ्यावर. जाऊन यायला दहा मिनिटं पुष्कळ. आणि ही बाई उगवायची तासाभरानं! विचारलं की एकच उत्तर, "रांग होती नं, आई."

मधुकरच्या कानावर घातलं तर तो हसला. "तुले भास होऊन राहिले, आई. डोयानं पाह्यलं का काही?"

"पाहीन तवाच सांगीन," प्रयागबाई फणकारल्या. एकुलत्या एका लेकाचा संसार. तो डोळ्यांदेखत मोडू द्यायचा की काय?

पण पाळत ठेवणं म्हणजे खायचं काम नव्हे. बाई अंगानं चांगल्या भरलेल्या. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी किती लग्नं चुकवली होती. डॉक्टरनं, साखर वाढली, रोज चाला, असं लिहून दिलं, तर "मी काय पोस्टमन आहो?" म्हणून ती चिठ्ठी त्यांनी इंदूसमोरच चुलीत घातली होती.

पहिल्या दिवशी गांधीबागेपाशीच त्यांना धाप लागली. इंदू मात्र दूध केंद्र मागं टाकून झपझप पुढं. तेवढ्यात तिचा अंबाडा सुटला आणि ती बांधत उभी राहिली.

'कोणाची वाट पाहून राहिली ही?' प्रयागबाई खांबाआड दबल्या. कोणीच आलं नाही. त्यांचा श्वास जरा खाली बसला आणि इंदू पुन्हा चालू लागली. तिचा अंबाडा रोज दोनदा तरी सुटायचा. धड अंबाडाही बांधता येत नाही, प्रयागबाईंना वाटे.

एक ना दोन, शंभर विघ्नं. नळ पहाटेचा, नेमका इंदू निघायच्या वेळचा, म्हणून त्या संध्याकाळीच विहिरीचं पाणी भरून ठेवू लागल्या. गल्लीतलं काळं कुत्रं एकदा अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी ते कोणीतरी टाकलेली शिळी पोळी चघळत होतं, त्यानं मानही वर केली नाही. चपलेचा अंगठा तुटला, तर नेमके उंबऱ्यात कॅनव्हासचे बूट.

"मले मोठे झाले, दुकानदार वापस घेत नाही," इंदू म्हणाली.

"मंग फेकतं काहून? मी घालतो," म्हणून प्रयागबाईंनी ते पायात चढवले. थंडी पडली तेव्हा मधुकरचा मफलर कानाला गुंडाळला. शेजारच्या कांताबाईंनी एकदा हटकलंच, "कुठी चालल्या वं एवढ्या सकायी?"

"देवळात."

"देऊळ तं मागं राह्यलं!"

प्रयागबाई थांबल्या असत्या तर ना.

सून मात्र दिवसेंदिवस लांब जाऊ लागली. दुसऱ्या महिन्यात 'शुक्रवारी' नावाचा तलाव, तिसऱ्यात पार कस्तुरचंद पार्क. तिथं एक चक्कर मारायची आणि परत. ना कोणी भेटायचं, ना कोणाशी बोलणं. 'आजही नाही आला मेला,' प्रयागबाई हळहळायच्या. वर इंदूच्या आधी घरी पोचायला हवं, म्हणून परतीला आडगल्ल्यांतून अक्षरशः पळायच्या. गुडघ्यांची आठवणसुद्धा होत नसे. एवढ्या लांब हिचं आहे तरी कोण, याच विचारानं जेवण जाईनासं झालं.

आणि त्या रविवारी इंदू नवं लुगडं नेसून निघाली. पिशवी न घेताच!

आज भेटणार. इंदू आज चालत नव्हतीच, जवळजवळ धावत होती. प्रयागबाईंनीही लाजलज्जा सोडली, लुगडं वर खोचलं आणि कॅनव्हासचे बूट आपटत तिला गाठायला निघाल्या.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर ही गर्दी, भोंगा ओरडत होता. कोणत्यातरी महिला मंडळाचा मेळावा असावा. इंदू सरळ एका टेबलापाशी गेली. तिथं वही उघडून एक उंच, गोरा माणूस बसला होता. तो तिच्याकडं पाहून ओळखीचं हसला.

हाच तो! प्रयागबाई गर्दीतून घुसल्या आणि त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "सापडली नं!"

इंदू दचकली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मागं वळून पाहिलं, सासूच्या पायातल्या बुटांची सुटलेली नाडी वाकून बांधली आणि त्या माणसाला म्हणाली, "ह्याच त्या, भाऊ. पन्नाशीवरच्या बायकांच्या शर्यतीत नाव लिवा. चार महिने झाले, यायनं एक दिवस बी खाडा नाही केला."