हाय तसं लिव

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून विशालने कौलांवरून हात फिरवला. सहा कौलं फुटली होती. खालची लाकडं मात्र ठणठणीत.

खारबावचं हे घर वळ गावच्या एका गोदामवाल्याने पसंत केलं होतं. तपासणीला विशालला त्यानेच पाठवलं होतं आणि बजावलंही होतं, "छपरात जरा खोट दिसली तर मी घर घेणार नाही."

"आई कंटाळलीय हो इथे एकटी," खालून प्रितेश म्हणाला. "कधी एकदा नारपोलीला आमच्याकडे येते, असं झालंय तिला."

त्याच्यामागे त्याची आई कमळाबाई उभ्या होत्या. त्या नुसत्या छपराकडे बघत होत्या.

विशालला तीन वर्षांपूर्वीची एक म्हातारी आठवली. तिला घर विकून लेकीकडे जायचं होतं. त्याने अहवालात फुटकी कौलं लिहिली, गिऱ्हाईक फिरलं, आणि ती त्याच घरात लेकीची वाट बघत गेली. अहवाल खरा होता. तरी तेव्हापासून एक गोष्ट त्याला खात होती. तासभर थांबून कौलं बदलून दिली असती तर?

परसात जादा कौलं रचून ठेवलेली दिसली. तो उतरला आणि त्यातली दोन उचलून पुन्हा शिडीकडे वळला.

"ऱ्हाव दे रे बाबा," कमळाबाई कळवळून म्हणाल्या. "उन्हाचा कशाला तरास घेतोस? हाय तसं लिव."

"तासाभराचं तर काम आहे, आजी."

सहाही कौलं बसवून तो घामाघूम होऊन खाली आला. फोटो जोडून, 'छप्पर निर्दोष' असं लिहून त्याने अहवाल फोनवरूनच पाठवून दिला. दहा मिनिटांत प्रितेशला गोदामवाल्याचा फोन आला.

"पक्कं ना? मग सोमवारी येतो सह्या करायला!" बोलत बोलत तो अंगणाबाहेर गेला.

कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. विशालला भरून आलं. एका म्हातारीचं तरी काम आपल्या हातून झालं.

"आता निर्धास्त जा लेकाकडे," तो म्हणाला. "काही अडचण राहिली नाही."

त्या ओट्यावर टेकल्या. लेक लांब गेलाय ना, ते त्यांनी पाहून घेतलं.

"घर कुनी घेव नये म्हनून माळ्यावर चढून मीच फोडली व्हती रे ती कौलं, काठीनं."