नरसम्माची चक्कर

"नाटक बंद कर, ऊठ!" सुपरवायझर ओरडला तेव्हा नरसम्मा शिलाई मशिनखाली आडवी पडली होती. भुवई फुटली होती. या माणसाने आधी शिवायला घेतलेल्या युनिफॉर्मच्या शर्टावर रक्त पडलं का ते पाहिलं, मग तिच्याकडे.

सकाळपासून गरगरतंय म्हणून ती सांगत होती. गरगरणार नाही तर काय? संडासला सोडणार दिवसातून एकदाच, म्हणून आम्ही बायका उन्हाळ्यातही घोटभर पाण्यावर शिवत बसतो. सुपरवायझरचंच शहाणपण ते. "पाणी कमी प्या, म्हणजे सारखं जावं लागणार नाही."

त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर देणारे व्यापारी कारखाना बघायला आले. "आमच्या बायका अगदी घरच्यासारख्या राहतात," सुपरवायझर दात काढून त्यांना सांगत होता. मी नरसम्माच्या भुवईवरच्या पट्टीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि स्टुलावरून घसरले. मग शेजारची यल्लव्वा. मग अख्खी रांग. सगळी मशिनं थांबली.

पाहुण्यांतल्या एक बाई माझ्याजवळ वाकल्या. "काय होतंय?" मी डोळे मिटूनच सगळं सांगितलं.

ऑर्डर न देताच पाहुणे गेले. मालक केबिनमधून सुपरवायझरच्या नावाने ओरडत होता. हा पांढराफटक पडला, भिंत धरून खाली बसला. "चक्कर येतेय... पाणी द्या कुणीतरी."

नरसम्मा बाटली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. झाकण उघडलं आणि स्वतःच घटाघटा प्यायली. तळाशी उरलेला घोट त्याच्यापुढे धरला.

"कमीच प्या, साहेब. म्हणजे सारखं जावं लागणार नाही."