दुसऱ्याचा हात न लागलेली गाडी

“आणि बरं का, मी स्वतःच्या बायकोलासुद्धा नापास केलंय!” साहेब म्हणाले, आणि अख्खा हॉल हसला.

पहिल्या रांगेतल्या त्यांच्या बायकोकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तीही हसली. मांडीवरचा पुष्पगुच्छ तिने उगाच सारखा केला.

लायसन्सच्या कचेरीतला साहेबांचा हा शेवटचा दिवस. उभी हयात त्यांनी शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर काढली होती. मंत्र्याचा जावई असो नाहीतर दूधवाला, गाडी मागे घेताना खांबाला लागली की नापास. वशिला नाही, गयावया नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायको परीक्षेला बसली. तिने खांब आडवा केला. साहेबांनी तिथल्या तिथे शेरा मारला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर निवांत चहा मागितला. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. साहेबांनी मात्र तो किस्सा चारचौघांत इतक्यांदा सांगितला, की कचेरीतल्या शिपायालाही तो तोंडपाठ झाला होता.

“अलीकडच्या मुली मात्र तयारीच्या हं,” साहेब पुढे म्हणाले. “गाडी अशी मागे घेतात, की खांबाला वारासुद्धा लागत नाही. असो. आता शेवटचं. माझी गाडी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती मी देऊन टाकतोय. तिच्या बदल्यात छोटी गाडी घेणार. हिच्यासाठी! आणि शिकवणार मी स्वतः.”

टाळ्या थांबेनात. शेजारच्या बाईंनी साहेबांच्या बायकोचा हात दाबला. “नशीब काढलंत हो!”

ती गाडी म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. लांबलचक, गर्द निळी, आत खऱ्या चामड्याच्या सीटा. गाव सोडून निघालेल्या एका कारखानदाराकडून त्यांनी ती पोटाला चिमटा काढून घेतली होती. कचेरी घरापासून चालत जाण्याजोगी, त्यामुळे आठवडाभर गाडी घरीच असायची. रविवारी सकाळी साहेब तिला न्हाऊमाखू घालत आणि बायकोला शेजारी बसवून एक मोठा फेरफटका मारून आणत. दुसऱ्या कुणाला तिच्या स्टिअरिंगला बोटही लावू देत नसत.

जुनी झाली तशी गाडीची नाटकं वाढली होती. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकायची. पेट्रोल पाण्यासारखं जायचं. क्लचप्लेट तर इतक्यांदा बदलावी लागली, की गॅरेजवाला एकदा म्हणाला, “साहेब, राग मानू नका, पण क्लचवर पाय ठेवून चालवता का तुम्ही?” साहेबांनी त्या दिवसापासून गॅरेजच बदललं. किलोमीटरचा काटा केव्हाचा बंद पडला होता. तो दुरुस्त करायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा बायकोच म्हणाली, “राहू द्या हो. आपण जातो कुठे एवढं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. साहेबांनी सवयीने सीट मागे ढकलली. बायको अजून बाहेरच होती. फडकं घेऊन आरसा पुसत होती, मग दाराची कडी, मग पुन्हा आरसा.

“बस आता. विकायचीच आहे,” साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, “तुलाही लळा लागला की काय?”

“इतकी वर्षं घरात होती,” ती म्हणाली. “तुम्हाला जड जात असेल तर नका देऊ.”

“चारचौघांत शब्द दिलाय. तुझ्यासाठी एवढं तरी करायलाच हवं मला.”

शोरूममध्ये जुन्या गाड्या पारखायला एक तरुण मुलगी होती. बाह्या दुमडलेल्या, हाताला काळं लागलेलं. “या सर. या बाई,” म्हणत ती पुढे आली, आणि गाडी पाहून क्षणभर थबकली.

“बघत राहावं अशीच आहे ती,” साहेब म्हणाले. “आणि एक लिहून घ्या. माझ्याकडे आल्यापासून हिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.”

मुलीने साहेबांच्या बायकोकडे पाहिलं. ती काचेपलीकडच्या छोट्या पिवळ्या गाडीकडे बघत होती.

“असं होय,” मुलगी म्हणाली. “एक चक्कर मारून आणते.”

ती परत आली तेव्हा शोरूमच्या आवारात दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम जागा उरली होती. साहेब दोन पावलं पुढे सरसावले. मुलीने मागे एकदा पाहिलं, स्टिअरिंग एकदाच फिरवलं आणि ते लांबलचक धूड लोण्यातून सुरी जावी तसं आत घातलं. साहेबांनी सवयीने चूक शोधली. सापडली नाही.

“वा! परीक्षा कुणी घेतली होती तुझी?”

“तुम्हीच, सर. पहिल्या झटक्यात पास केलंत.”

साहेबांची छाती फुगली. त्यांनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. ऐकलंस ना? “पण एवढी मोठी गाडी पहिल्यांदा हातात घेऊन अशी लावायची म्हणजे कमाल आहे! शिकलीस कुणाकडे?”

“आमच्या बाईंकडे.”

“कोणत्या गाडीवर?”

मुलगी किल्लीशी चाळा करू लागली. साहेबांची बायको काचेपासून वळली.

“सांग गं,” ती म्हणाली. “आता घाबरू नकोस. रिटायर झालेत ते.”

“हीच गाडी, सर,” मुलगी म्हणाली. “आम्ही सगळ्याजणी हिच्यावरच शिकलो.”