पाचवी टोपली

विक्कीनं लॅपटॉपवर बटण दाबलं. मंगलीबाईचा फोन वाजला नाही.

पोंभुर्ण्यापलीकडच्या त्या गावात, मारुतीच्या सभामंडपात, सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिनं दोन्ही हात रिकामे करून दाखवले. फोन घरी होता, तांदळाच्या डब्यात.

"काऊन, बाई?" विक्कीनं विचारलं.

"मोह वेचाले जातो तं फोन कोणीच नेत नाई. वाकलं का पडते. मंग घरी पोरगं बोंबलते."

बायका हसल्या. विक्कीला हसू आलं नाही. चंद्रपूरच्या ऑफिसात बसून त्यानं आणि शाजियानं दोन आठवडे हेच बनवलं होतं. जंगलात वाघ दिसल्याची खबर आली, की गावातल्या प्रत्येक फोनवर इशारा जायचा. मेसेज दोन सेकंदांत निघाला होता, हे त्यानं स्क्रीनवर दाखवलंसुद्धा. पुढे कोणी फोन डब्यात ठेवला तर त्याला तो काय करणार, असं त्याचं म्हणणं. भिंतीवर कामाच्या बारा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यातली सगळ्यात वरची, 'फोनवर इशारा', त्यानं काढली आणि दिव्यानीपुढे धरली.

"झालं लिहा, मॅडम."

लिहायचं तिनंच होतं. दिव्यानी या कामाची प्रॉडक्ट ओनर. कोड लिहिणं तिच्याकडे नव्हतं. आधी काय बनवायचं, मागून काय, आणि बनवलेलं खरोखर झालं की नाही, एवढंच तिनं सांगायचं. पण त्या सांगण्याला वाटेकरी नसतो.

आठ दिवसांत मोहाची फुलं पडायला लागणार होती. पहाटेच्या अंधारात याच बायका टोपल्या घेऊन निघणार होत्या. मागच्या साली वाघाच्या पंजानं मंगलीबाईच्या खांद्यावर उठलेल्या चार रेघा पदराखालून दिसत होत्या.

"नाही झालं," दिव्यानी म्हणाली. विक्कीनं चिठ्ठी खिशात घातली.

मग निदान नकाशा तरी घेऊ, असं विक्कीनं सुचवलं. ती दुसरी चिठ्ठी. मोठ्या पडद्यावर जिल्हा दिसेल आणि वाघ असेल तिथे लाल ठिपका. ज्या साहेबांनी हे काम दिलं होतं त्यांना तो आधी हवा होता, आणि दोन दिवसांआड त्यांचा फोन येई. आठ दिवसांत एकच काम होण्यासारखं होतं.

दिव्यानी भिंतीकडे न बघता सतरंजीवर मंगलीबाईच्या शेजारी जाऊन बसली. पहाटे निघण्याआधी तुम्हा सगळ्यांना काय ऐकू येतं, असं तिनं विचारलं.

मंगलीबाईनं कोपऱ्याकडे मान वळवली. भजनी मंडळाचे वारलूभाऊ तिथे अ‍ॅम्प्लिफायर पुसत बसले होते. ही मंडळी कधी उठतात आणि संध्याकाळच्या भजनाला जागा मोकळी होते, याची ते वाट बघत होते.

"या भाऊचा भोंगा," ती म्हणाली. "पाच वाजता देवाले उठवते, अन् संग आमालेही. त्याची प्रार्थना सरली का आमी निघतो."

"देव तं उठते," वारलूभाऊ खाली मानेनंच म्हणाले. "ह्या बाया उठत नाई."

विक्कीशेजारी बसलेल्या शाजियाच्या तेवढ्यावरून ध्यानात आलं. मेसेज नकोच. वारलूभाऊंच्या फोनवर आपोआप बोलणारा कॉल यावा आणि त्यांनी फोन माईकपुढे धरावा. तिनं आपल्याच फोनवर दोन वाक्यं बोलून घेतली. खबर बायका निघून गेल्यावरही येऊ शकते, म्हणून दिव्यानीनं पाच जणींना शिवाराच्या कडेला त्यांच्या त्यांच्या मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन धाडलं. ऐकू आलं तर टोपली वर करायची.

त्या चालत होत्या तोवर तिनं साहेबांना फोन लावला. नकाशा या वेळेस होणार नाही, हे सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं.

"हो सर, मीच ठरवलं," ती शेवटी म्हणाली. "विचारायचं तर मलाच विचारा."

फोन ठेवून तिनं नकाशाची चिठ्ठी भिंतीवर सगळ्यात खाली चिकटवली. वारलूभाऊंनी ते पाहिलं.

"बाई, कीर्तनाले बुवा येते तवा बारा जण बारा अभंग सांगते," ते म्हणाले. "बुवा एकच घेते. पन असा घेते का बाराही जण तोच गुणगुणत घरी जाते."

शाजियाचा आवाज देवळावरच्या भोंग्यातून निघाला. "नाल्याकडे वाघ आहे. आज तिकडे जाऊ नका." शिवाराच्या कडेला एक टोपली वर झाली. मग दुसरी. मंगलीबाईची तिसरी. जरा थांबून चौथी.

नाल्याकडे काही हललं नाही. तिथे पाचवी, रंभाबाई होती.

"पाचातल्या चार म्हणजे झालंच की, मॅडम."

"रंभाबाई उरली, विक्की."

विक्कीनं मारुतीला हात जोडले आणि कठड्यावरून देवळाच्या छतावर चढला. भोंग्याचं तोंड नाल्याकडे वळवायला त्याला बरीच खटपट करावी लागली. हात गंजानं माखले. "लाव, शाजिया," तो वरून म्हणाला.

आवाज पुन्हा गेला. नाल्याच्या काठावर पळस फुलले होते. त्या लालीतून आधी काहीच दिसलं नाही. मग एक टोपली वर आली, दोन्ही हातांवर धरलेली.

विक्कीनं खिशातून ती मघाची चिठ्ठी काढली. उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"मॅडम, पेन फेका, 'भोंग्यावर इशारा' लिहितो," तो म्हणाला. "हे सगळ्यात वर लावू ना?"

"सगळ्यात वर."

खाली वारलूभाऊंनी भजनासाठी टाळ काढले. लांब नाल्याकडे रंभाबाईनं टोपली अजून खाली घेतली नव्हती.