मंडळाचा ॲम्प्लिफायर

पूर्वरंग संपला. कीर्तनकार वैजयंतीबाईंना हार घातला, बुक्क्याची वाटी ओळीओळीनं फिरू लागली, आणि नेमक्या त्याच वेळी अलकनंदाताई उठून मागच्या खोलीकडे निघाल्या.

करोल बागेतल्या मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर त्या खोलीत सात वर्षं मुका पडून होता, लोखंडी ट्रंकेएवढा. खाली फाटकाशी बिघडलेल्या विजेच्या वस्तू नेणारी गाडी उभी होती. बारा वाजता निघणार, असं ड्रायव्हरनं बजावलं होतं. घरचा मिक्सर, इस्त्री, फोन ताईंनी सकाळीच दिले होते. उरला होता हा. उद्या खोलीला रंग लागायचा, म्हणजे आज संध्याकाळी खोली रिकामी करायला भंगारवाला येणार, आणि तो कुणाला न विचारता सगळंच उचलणार. त्याच्याकडून अशा वस्तू कुठं जातात, ते ताईंनी नाल्याकाठी पाहिलं होतं. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या बायका, तोंडाला ओढणी, कडेवर लेकरं. ज्यातून तीस वर्षं हरिनाम ऐकलं, त्याचा असा धूर त्या होऊ देणार नव्हत्या.

सेक्रेटरी भालचंद्र मागोमाग आले. "अहो ताई, मंडळाची वस्तू आहे ती. कागद चिकटवलाय बघा वर. मीटिंगमध्ये ठराव करू ना, बिल्कुल करू."

सात वर्षं हेच चाललं होतं. सभासद म्हणत सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणत कमिटीला, आणि कमिटी त्या कागदाकडे बोट दाखवी. आधीचे सेक्रेटरी, कैलासवासी अण्णासाहेब, यांचं वळणदार अक्षर. आधी 'कुणीही', शेवटी 'हलवू नये'. मधे तेलकट धुळीचा थर.

"मंडळ म्हणजे कोण हो, भालचंद्र?" ताईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदराचं टोक ओलं करून कागद पुसायला घेतला. थर निघाला. खालून एक शब्द वर आला.

भालचंद्रांनी चष्मा लावला. "कुणीही एकट्याने हलवू नये." पुन्हा वाचलं, या खेपेला मनातल्या मनात. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

दोघांच्यानं तो बोटभरच उचलवला. बाहेर पेटी थांबली होती, माणसं दाराशी गोळा झाली होती. त्यांच्यातून वाट काढत वैजयंतीबाई आत आल्या. गळ्यातला हार त्यांनी खुंटीला अडकवला, पदर खोचला.

"डावी बाजू माझी," त्या म्हणाल्या. "उत्तररंग आज जिन्यात."