दोन बोटं आखूड

आत्यानं स्वेटर अंगात चढवला आणि लवंगीच्या हातातला निम्मा बटाटा सालीबरोबरच भांड्यात पडला.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाचवीत असताना तिनं शेजारच्या काकूंना एक उत्तर दिलं, तेव्हापासून बाबांनी ते चिकटवलं. आता दहावीत ते तिला शोभूनही दिसत होतं.

स्वेटर आईचा होता. आईनं विणलेले तर घरात सगळेच होते. हा आईनं स्वतःसाठी विणलेला. आजवर बाबांचे जुने स्वेटर उसवायचे, त्यातली बरी लोकर वेगळी काढायची आणि मोज्या-टोपीपुरती उरलीसुरली तिच्या वाट्याला, असं चालायचं. या वेळी तिनं पहिल्यांदा नवी लोकर आणली. गडद हिरवी. चार महिने रोज भाजी शिजेपर्यंत ती ओट्याशी स्टूल ओढून विणत बसली. शेवटचा टाका आज सकाळी बंद झाला, पण लगेच कणीक मळायची होती म्हणून घालून बघायचं राहिलं. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर पडला, आणि जेवायला आलेल्या आत्याची नजर नेमकी तिथंच गेली.

"अगदी मापाचा बसला गं वहिनी," आत्या आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली.

"आवडला ना ताई? मग ने की," बाबा म्हणाले. डोकं वर्तमानपत्रातच. "हिला काय, ही परत विणेल."

आईनं पातेल्यावरचं झाकण उचललं, रस्सा ढवळला, झाकण ठेवलं.

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला बाबांचा राग आला, आत्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या झाकणाचा आला.

"बाबा, तो आईचा..."

"तू बटाटे सोल," आई म्हणाली.

आत्या तशी वाईट बाई नव्हती. येताना ती कधी रिकाम्या हातानं येत नसे. फक्त जातानाही तशी जात नसे. तिनं खिशाची जागा चाचपली, गळा सारखा केला, मग दोन्ही हात समोर ताठ धरले आणि चुकचुकली.

"इथं मात्र फसलीस बघ वहिनी. हे काय केलंस?"

उजवी बाही मनगटावर बरोब्बर येत होती. डावी दोन बोटं आखूड होती.

लवंगीची सुरी थांबली.

आईचा डावा हातच दोन बोटं आखूड होता. लहानपणी कोपर मोडलं, ते वेडंवाकडं सांधलं, हात तसाच राहिला. विकतच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही ती दुमडून घालायची. आत्तासुद्धा अंगातल्या शर्टाची डावी बाही दोनदा दुमडलेली होती. बाही न दुमडता घालता येईल असा हा तिचा पहिलाच कपडा.

लवंगीनं बाबांकडे पाहिलं. आता तरी बोलतील. बाबांनी पेपर मांडीवर घेतला, चष्मा वर सरकवला, दोन्ही बाह्या नीट निरखल्या.

"हो की," ते म्हणाले. "घाईत ओळी कमी पडल्या असतील. दुरुस्त करून दे गं तिला. थांबेल ती जेवणापर्यंत."

आणि पेपर पुन्हा वर गेला. सतरा वर्षं हा माणूस त्या हातचं जेवत होता.

आईनं गॅस बंद केला. हात धुतले, फडक्याला पुसले, फळीवरची छोटी कात्री घेतली.

"हात पुढे करा, वन्सं. डावा."

आत्यानं कौतुकानं केला. "उजवीएवढी होऊ दे हं. आणि जमलं तर जरा सैल."

आईनं मनगटाशी लपवलेली गाठ हेरली, कच्चकन कापली आणि टोक ओढलं. बाही खांद्याकडून खाली विणत आणलेली, बिनशिवणीची. शाळा सुटल्यासारखे टाके पटापट सुटायला लागले.

लवंगीनं सुरी टाकली, ओले हात पोटाशी पुसले आणि कुणी न सांगता दोन्ही पंजे समोर धरून उभी राहिली. लोकर गुंडाळायची असली की पाच वर्षांची असल्यापासून ती अशीच उभी राहायची, हलली की आईचा ओरडा खायची. आज ती खांबासारखी उभी होती. आई बाही ओढत होती आणि तिच्या पंजांवर वेढे देत होती. आत्याचं मनगट उघडं पडलं. मग त्याच्या वर चार बोटं. मग वीत.

"अगं, पुरे की आता," आत्या म्हणाली. हात मागे घ्यावा तर लोकर आणखीच सुटत होती, म्हणून तिनं तो तसाच अधांतरी धरला.

बाबांचा पेपर खाली आला. "हे काय चाललंय?"

"दुरुस्त करतेय. तुम्हीच म्हणालात ना."

"अगं पण कुठपर्यंत उसवणार आहेस?"

"चूक सापडेपर्यंत," आई म्हणाली.

आत्याचं कोपर उघडं पडलं. आईच्या शर्टाची दुमडलेली बाही सुटून घरंगळली आणि तिची बोटं झाकून गेली. आईनं ती बाबांच्या डोळ्यांदेखत दातांनी वर ओढली, आणि पुढची ओळ उसवली.